पुसलेलं वाजत नाही

मेलेल्या माणसाशी भांडणं सोपं नसतं. तो उलट बोलत नाही, दार आपटून जात नाही, भरल्या ताटावरून उठत नाही. त्यामुळे भांडणाला तोंड फुटतं, पण ते मिटत म्हणून नाही. ताईचं नवऱ्याशी असं भांडण वर्षभर चाललं होतं, आणि ते ती मेसेज पाठवून चालवत होती.

ताई म्हणजे ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मागच्या खोलीत काम करणारी बाई. पुढे काउंटरवर बसणाऱ्या मालकीणबाई तिला ताई म्हणत, म्हणून गिऱ्हाइकं म्हणत, म्हणून आपणही म्हणू. डाग काढायचे, कापडाची जात ओळखून मशीन लावायचं, वाफेच्या इस्त्रीखाली बाह्या सरळ करायच्या, प्लास्टिकच्या पिशव्या चढवून कपडे दांडीवर टांगायचे, हे तिचं काम. दुपारी गर्दी ओसरली की ती चहाचा कप घेऊन खिडकीत बसे, फोन काढी आणि नवऱ्याला लिही.

'ऐकलं असतंस तर आज घरी असतास.'

'तुझ्या हट्टाने पोरीचा बाप खाल्ला.'

एकदा नुसतंच 'मर' असं लिहून पाठवलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की ते तर होऊन गेलंय. त्या दिवशी तिला हसू आलं आणि चहा अंगावर सांडला.

तो होता तोवर ती त्याला अहो-जाहो करायची. गेल्यावर तो अरे-तुरेवर आला. गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण ज्याला जिवंतपणी चार शब्द सुनावायचे राहून गेले, त्याला सुनावायचे तरी कधी? चहा संपेपर्यंत ती मेसेज तसाच ठेवायची आणि कप विसळायला उठण्याआधी 'सर्वांसाठी हटवा' दाबून मोकळी व्हायची. सुटलेला बाण आणि बोललेला शब्द परत घेता येत नाही असं जुनी माणसं सांगून गेली, पण त्यांच्याकडे फोन कुठे होता! शब्द हटवला की आपण बोललोच नाही असं ताईला वाटे. शिवीही देऊन झाली आणि तोंडही विटाळलं नाही.

नवऱ्याचा फोन घरी फळीवर चार्जरला लावलेला असे. नंबर बंद करायला तिचा जीव होत नव्हता, आणि आवाज बंद करायलाही नाही. भर दुपारी रिकाम्या घरात तो वाजतो, हे तिला माहीत होतं. निदान भिंती तरी दचकत असतील, असं म्हणून ती इस्त्रीकडे वळायची.

नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. कंपनीत त्याला सगळे नाहीबुवा म्हणायचे, कारण कुठल्याही गोष्टीला त्याचा पहिला शब्द 'नाही'. चहा घेणार? नाही. आणि मग दोन कप पिणार. लग्नालाही आधी नाहीच म्हणाला होता. सासूने तेव्हाच ताईच्या कानात सांगून ठेवलं होतं, "त्याचं नाही म्हणजे अर्धं हो असतं. उरलेलं अर्धं तू काढून घे." ताईने संसारभर ते उरलेलं अर्धं काढून घेतलं. तो हट्टी होता, वाद घालणारा होता, आणि तिला भयंकर आवडायचा.

कामावर त्याचा एक जोडीदार होता. एक जण गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत, दुसरा तळाच्या खड्ड्यात, आणि मधे लिफ्टची उभी पोकळी. तिथे हाक पोचत नाही, फोन लागत नाही, मेसेज मात्र कसाबसा खाली उतरतो. म्हणून दोघांचे दोनच शब्द ठरलेले. वरच्याने वीज तोडली की लिहायचं 'उतर'. नसेल तोडली तर 'थांब'. खालच्याने उत्तर द्यायचं नाही, कारण खालच्याच्या हातात ग्रीसने माखलेले जाड मोजे असतात आणि मोज्यातलं बोट फोनला ओळखू येत नाही. फोन वाजला की खिशातून थोडा वर ओढायचा, काचेवर उमटलेला शब्द बघायचा, परत खिशात ढकलायचा आणि कामाला लागायचं. वर्षानुवर्षं त्यांचं असंच चाललं होतं आणि कुणाच्या नखालाही धक्का लागला नव्हता.

मग एके दिवशी नाहीबुवा खड्ड्यात उतरला आणि लिफ्ट त्याच्या अंगावर आली.

साहेब लोक आले. नाहीबुवाच्या फोनला कुलूप होतं, म्हणून त्यांनी जोडीदाराचा फोन पाहिला. त्यावर शब्द होता 'थांब'. त्याच्या शेजारी पोचल्याच्या दोन खुणा, आणि वेळ होती तो उतरण्याच्या आधीची. साहेब म्हणाले, "सूचना वेळेत दिलेली दिसते. त्याने ऐकलं नाही." ज्याने जन्मभर सगळ्याला नाही म्हटलं त्याने शेवटीही नाहीच म्हटलं, हे सगळ्यांना ताबडतोब पटलं. ताईलाही पटलं, आणि खरं दुखणं तेच होतं.

त्याचा फोन पिशवीत घालून तिच्या हातात दिला गेला. पुढे काही दिवसांनी तिने तो चार्ज करून, तिला ठाऊक असलेला कुलपाचा आकडा घालून उघडला आणि स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं: 'थांब.' चारचौघांत कुणी ओरडून सांगितल्यासारखा स्पष्ट शब्द. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी तो फोन उघडायची. एकीकडे तिचे स्वतःचे हटवलेले मेसेज, 'हा मेसेज हटवला आहे' अशा ओळींवर ओळी. आणि दुसरीकडे जोडीदाराचा तो एकच शब्द. तिला अजून धड रडू आलं नव्हतं. राग उंबऱ्यात आडवा पडलेला, रडू आत येणार कुठून?

आणि हे एवढ्यावर राहिलं असतं तरी चाललं असतं. पण घरात चिमी होती.

चिमी त्यांची एकुलती एक. नऊ वर्षांची. बाप होता तेव्हा मुलखाची वांड, बापासारखीच. जेव म्हटलं की खेळायची आणि खेळ म्हटलं की भूक लागायची. तो गेल्यावर ताई तिला एकच सांगत राहिली, "बाबांसारखं करू नकोस, बाई. ऐकायला शीक." चिमी शिकली. इतकी शिकली, की आधी शेजारच्या काकूंनी कौतुक केलं, मग त्याही गप्प झाल्या.

"आई, जेवू?"

"आई, आता पुरे करू?"

"आई, पांघरूण काढलं तर चालेल?"

सुरुवातीला ताईला हायसं वाटलं. एकटीने पोर वाढवायची तर ती मऊ असलेली बरी, असं तिने स्वतःला सांगितलं. मग जिन्यावरची गोष्ट घडली.

दोघी बाजारातून येत होत्या. ती घटना झाल्यापासून ताई लिफ्टमध्ये पाऊल टाकत नसे, त्यामुळे जिना चढत होत्या. मधल्या मजल्यावर ताईला आठवलं, दूध राहिलं. "इथे थांब, आलेच," म्हणून ती खाली गेली. खाली एक ओळखीची भेटली, बोलण्यात वेळ गेला, आणि ताई त्या ओळखीच्या बाईबरोबर पलीकडच्या जिन्याने वर आली. चिमी काकूंकडे गेली असेल असं समजून ती स्वयंपाकाला लागली. अंधारून आलं तेव्हा काकूच विचारायला आल्या, "चिमी कुठाय हो?"

चिमी त्याच पायरीवर उभी होती. जिन्यातला दिवा गेलेला. समोर लिफ्ट येऊन थांबत होती, दार आपोआप उघडत होतं, आतला पिवळा उजेड तिच्या तोंडावर पडत होता, आत कुणी नसायचं, आणि दार मिटत होतं. पोरीचा फ्रॉक पुढून ओला झाला होता.

"अगं, घरी नाही का यायचं!" ताईने तिला उचलून घेतलं.

"तू थांब म्हणाली होतीस." चिमीचे दात वाजत होते. "लिफ्ट मला सारखी बोलवत होती. मी नाही गेले. बाबा असते तर गेले असते, ना?"

त्या रात्रीपासून ताईला पोरीची भीती वाटू लागली. पोरीसाठी वाटते तशी भीती नव्हे, पोरीचीच. घरात जणू कुणीतरी एका शब्दावर थिजणारं आणून बसवलं होतं, आणि ते आपणच बसवलं, हेही तिला आतून कळत होतं. मग तिचा राग आणखी भडके. हे सगळं कुणामुळे? न ऐकणाऱ्या त्या माणसामुळे. दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्याला आणखी कडू काहीतरी लिही, आणि चहा संपला की हटवी.

तर एकदा दुकानात एक पांढरा झगा आला. लांब, पायघोळ, गळ्याभोवती आणि बाह्यांवर मोतीच मोती. घरी लग्नकार्य असलेली एक बाई तो मालकीणबाईंच्या हातात देऊन गेली. मालकीणबाई त्या दिवशी दातांच्या डॉक्टरकडे जाणार होत्या. त्यांचा स्वभाव असा, की दुकानातून पाय बाहेर पडला की दुकानाची काळजी सुरू, आणि मग वाटेतून मेसेजवर मेसेज. 'दार नीट लावा.' 'पंखा बंद करा.' 'पंखा कशाला बंद केला?'

ताईचे दोन्ही हात डाग काढायच्या औषधात होते. टेबलावर फोन वाजला. तिने मान वळवून काचेवरचा शब्द वाचला: 'पांढरा झगा मशीनमध्ये टाका.' तिला जरा नवल वाटलं, पण मालकीणबाईंनी शिलाई पाहिली असेल म्हणून तिने हात पुसून झगा मशीनमध्ये टाकला.

मोती शिवलेले नव्हते. गोंदाने चिकटवलेले होते. मशीनमधल्या द्रवाने गोंद खाल्ला, आणि झगा बाहेर आला तेव्हा त्याच्या अंगावर नुसते पिवळट ठिपके उरले होते. मोती तळाला खडखडत होते.

मालकीणबाई अर्ध्या बधिर तोंडाने परत आल्या आणि त्या अर्ध्या तोंडानेही पुरेसं बोलल्या. "मी लिहिलं नव्हतं का? हातानेच धुवा म्हणून? डोळे आहेत की बटणं?"

"तुम्ही मशीनमध्ये टाका लिहिलंत."

"मी? काढा फोन. काढा!"

ताईने फोन उघडून पुढे केला. तिथे लिहिलं होतं: 'पांढरा झगा हातानेच धुवा, मोती चिकटवलेले आहेत.' ताईने ते दोनदा वाचलं. तिला वाटलं आपलं डोकं फिरलं. इतके दिवस मेलेल्याला लिहितेय, आता जिवंत माणसांचं लिहिलेलंही नीट दिसेना.

"मी स्वतः वाचलं हो," ती कळवळून म्हणाली. "मशीनमध्ये टाका. असंच होतं."

मालकीणबाईंनी फोन हातात घेतला. बाई तोंडाळ होती, पण खोटी नव्हती. "आधी चुकून तसं लिहिलं होतं खरं," त्या म्हणाल्या. "पण मी लगेच बदललं की! रिक्षात बसल्या बसल्याच बदललं. हे बघा, इथे बारीक अक्षरात येतं ना, 'संपादित'. बदललेलं असलं की येतं ते."

"मग फोन वाजला का नाही?"

"बदललेलं कुठे वाजतं?" मालकीणबाई म्हणाल्या. "वाजतं ते पहिलं."

ताई त्या बारीक अक्षरांकडे बघत राहिली. ती अक्षरं तिने आधी पाहिली होती. रोज संध्याकाळी पाहिली होती. डोळ्यांना दिसतं ते सगळं मनाला दिसतंच असं नाही, आणि ज्याच्यावर आपला राग असतो त्याच्या बाजूचं तर मुळीच दिसत नाही. ती चप्पल घालून निघाली. मालकीणबाई पाठीमागून हाका मारत होत्या. ताईने घर गाठलं, फळीवरचा फोन ओढून काढला आणि उघडला. 'थांब.' आणि खाली, मुंगीच्या पावलाएवढं, 'संपादित'.

जोडीदार आता लिफ्टच्या सुट्या भागांच्या गोदामात बसायचा. वर चढायचं काम त्याने सोडलं होतं. तो दर रविवारी ताईकडे यायचा, नळाचं, कडीचं, दिव्याचं बघायचा, चिमीला खाऊ आणायचा. ताई सगळ्यांना सांगायची, भाऊजींसारखा माणूस मिळायचा नाही.

तो खोक्यांच्या रांगेत उभा राहून दारांची छोटी चाकं निवडत होता. तिला बघून त्याचा चेहरा उजळला, आणि तिच्या हातातला फोन बघून विझला.

"भाऊजी," ती म्हणाली, "याच्या आधी काय होतं?"

त्याने हातातलं चाक एका खोक्यात ठेवलं, पुन्हा उचललं, दुसऱ्या खोक्यात ठेवलं. "बसा, वहिनी."

"बसायला नाही आले."

"उतर," तो म्हणाला.

मग तो बोलत सुटला, वर्षभर घशात अडकलेलं एकदम सुटावं तसा. त्या इमारतीत शेजारी शेजारी दोन लिफ्ट होत्या. बिघडली होती ती डावी. पण मशीनच्या खोलीत माणूस मागच्या बाजूने शिरतो, त्यामुळे खालची डावी ती वर उजवी होते. "हे मला झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं, वहिनी. इतकी वर्षं केलंय. आणि त्या दिवशी नेमकी वरच्या डाव्या हाताची कळ पाडली. 'उतर' लिहिलं. मग मान वर केली तर भलतंच मशीन बंद झालेलं."

"मग दुसरा मेसेज का नाही पाठवला? चार वेळा पाठवायचा. दहा वेळा!"

"मला वाटलं, दोन शब्द एकाखाली एक दिसले तर तो कुठला खरा धरणार? चुकीचा शब्द उरायलाच नको, म्हणून तोच बदलला. बदलला आणि काचेवर 'थांब' दिसलं, वहिनी. मला इतकं बरं वाटलं! वाटलं, सुटलो. शांतपणे उजव्या कळीकडे गेलो. तेवढ्यात कुणीतरी तळमजल्यावर बटण दाबलं."

"तुमच्या काचेवर दिसलं," ताई म्हणाली. "त्यांच्या खिशात वाजलं नाही."

"नाही वाजलं."

गोदामाच्या पत्र्यावर ऊन तापत होतं आणि पत्रा मधेच कडकड वाजत होता. जोडीदार खाली मान घालून बोलत होता. "तो मोजे घालून नुसतं काचेवर वाचायचा, म्हणून माझ्याकडच्या खुणा कामाच्या वेळी राखाडीच राहायच्या. जेवायला बसला, मोजे काढले, फोन उघडला की सगळ्या एकदम निळ्या व्हायच्या. मला सवय होती त्याची. तो गेल्यावरही मी जेवायच्या वेळी फोन बघायचो. काय बघत होतो कुणास ठाऊक. आणि एक दिवस निळ्या झाल्या. 'थांब' वाचला गेला होता. वहिनी, मी ताटावरून उठलो आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. मला वाटलं, तो मागे उभा आहे आणि म्हणतोय, आत्ता मिळाला रे तुझा निरोप. नंतर कळलं, तुम्ही फोन उघडला असणार. पण तेव्हापासून मशीनच्या खोलीत माझं पाऊल पडत नाही."

"साहेबांना का नाही सांगितलं?"

"सांगायला तोंड उघडलं होतं. त्यांनी फोन वाचला आणि म्हणाले, तुमचा काही दोष नाही. ते ऐकून..." त्याने खोक्यातल्या चाकाकडे पाहिलं. "ते ऐकून इतकं हलकं वाटलं की तोंड मिटलं. मग ते उघडेचना."

"आणि दर रविवारी माझा नळ दुरुस्त करत होतात."

"हो."

ताईला त्याच्या तोंडात मारावीशी वाटली. त्याच वेळी तिला त्याची कीवही आली, आणि ती आली म्हणून जास्तच संताप झाला. "माझी पोर वर्षभर बापाला हट्टी म्हणतेय," ती म्हणाली. "मीच शिकवलं तिला. आत्ताच्या आत्ता साहेबांकडे जा आणि सांगा."

"सांगतो. लगेच लिहून पाठवतो."

"लिहून नाही!" ती इतक्या मोठ्याने ओरडली की दारातला पहारेकरी आत डोकावला. "जा, त्यांच्यासमोर उभे राहा आणि तोंडाने बोला. आणि मग माझ्या घरी या, पोरीसमोर बोला."

जोडीदाराने हात पुसले आणि तो खरंच निघाला. ताई त्याच्या मागे दारापर्यंत गेली, तो साहेबांच्या जिन्याला लागलेला पाहिला, आणि मगच घराकडे वळली.

वाटेत तिला रडू आलं. लोक वळून बघत होते आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. किती दिवसांनी तिला नवऱ्याचा चेहरा आठवला, नाही म्हणून मग हळूच हो म्हणतानाचा. त्याने ऐकलं होतं. जन्मभर वाद घातला, पण त्या दिवशी एका शब्दाला तो हो म्हणाला आणि गेला. तिच्या मनातून वर्षभराचा दगड हलला होता, आणि दगडाखाली जे होतं ते दगडापेक्षा वाईट होतं. तरी तिला हलकं वाटत होतं. तिच्या तोंडून पुन्हा "अहो" निघालं. घरी जाऊन चिमीला हे सांगायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. पोर मोकळी होईल. पुन्हा वांड होईल. जेव म्हटलं की खेळेल.

चिमी काकूंच्या दारात उभी होती. "काकू, जाऊ?" असं विचारून, काकूंनी मान हलवल्यावर ती आली.

ताईने तिला फळीखाली समोर बसवलं आणि तिचे दोन्ही हात धरले. "चिमे, नीट ऐक. बाबांनी ऐकलं होतं. भाऊजीकाकांनी आधी 'उतर' लिहिलं होतं. ते वाजलं. बाबांनी तेच केलं. काकांनी मग शब्द बदलला, पण तो वाजलाच नाही. बाबांना कळणार कसं? ते हट्टी नव्हते गं. त्यांनी सांगितलं तसंच केलं होतं."

चिमी विचार करत राहिली. तिच्या कपाळावर बापासारखीच एक बारीक आठी पडली.

"म्हणजे ऐकलं म्हणून गेले?"

ताईने तिचे हात आणखी घट्ट धरले. "हो," ती म्हणाली.

"मग तू त्यांना खोटंच लिहायचीस."

"काय लिहायची?"

"दुपारी. तू फोनवर लिहायचीस ते." चिमीने वर फळीकडे पाहिलं. "तो वाजला की काकूंकडे भिंतीतून ऐकू येतो. मी काकूंना विचारून यायची, किल्लीने दार उघडायची. तू त्या फोनला हात लावू नको म्हणाली होतीस, म्हणून लावला नाही. स्टुलावर चढून नुसतं काचेवर वाचायची. थोड्या वेळाने ते आपोआप जायचं. मग मी परत काकूंकडे."

ताईने तिचे हात सोडले. "सगळं वाचलंस?"

"शाळा लवकर सुटते त्या दिवशीचं सगळं." चिमी उठून उभी राहिली आणि शाळेत पाठ म्हणून दाखवतात तसे तिने हात मागे बांधले. "'ऐकलं असतंस तर आज घरी असतास.' 'तुझ्या हट्टाने पोरीचा बाप खाल्ला.' 'तुझं तोंड स्वप्नातसुद्धा दाखवू नकोस.' एकदा नुसतं 'मर' होतं. मला वाटलं, आता ते गेलेत, तर ते कुणाला लिहिलंय? मग मला वाटलं, मी ऐकलं नाही तर तू मलापण असं लिहिशील. म्हणून मी सगळं ऐकायची."

ताईने तिच्या तोंडावर हात ठेवण्यासाठी हात उचलला, आणि तो तसाच मांडीवर पडला. चिमी शांत उभी होती. तिच्या आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. चुकू नये म्हणून ती फक्त काळजी घेत होती.

"अजून आहेत," ती म्हणाली. "सांगू?"

बाहेर जिन्यात लिफ्टचं दार उघडलं आणि मिटलं. ताई जमिनीवर पोरीसमोर बसून राहिली.

"सांग," ती म्हणाली, आणि चिमीने पहिल्यापासून सुरुवात केली.